कोणी, केव्हा, काय आणि का

मजकूर पानावर बसला की तो पूर्ण झाल्यासारखा दिसू लागतो. हस्तलिखित किंवा वर्डची फाइल वाचताना हात मोकळा असतो. शब्द खोडायला, वाक्य फिरवायला काही वाटत नाही. तोच मजकूर दोन रकान्यांत, शीर्षकाखाली, चित्राशेजारी लागला की वाचणारा आपोआप मागे सरतो. प्रत्यक्षात मात्र अंकाच्या किंवा पुस्तकाच्या कामात कितीतरी निर्णायक बदल याच टप्प्यावर होतात. चार ओळी पुढच्या पानावर वाहून जातात, पाव पानाची जाहिरात ऐन वेळी अर्ध्या पानाची होते, लेखकाला एखादा तपशील आठवतो, मुद्रितशोधकाच्या नजरेला सुटलेले ऱ्हस्व-दीर्घ पडते. हे बदल घाईत होतात, बहुतेकदा रात्री होतात, आणि ज्याच्या हातून ते होतात त्याचे मत कोणी विचारलेले नसते.

संपादन, मुद्रितशोधन आणि पानांची मांडणी या तिन्ही टेबलांवर मी बसलो आहे. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. पानावर लागलेल्या मजकुरात केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, ती कोणीतरी वाचली पाहिजे, आणि त्या बदलाला नकार देण्याची संधी लेखकाला छपाईच्या आधी मिळाली पाहिजे. दुसऱ्याचे शब्द आपल्या ताब्यात असताना पाळायचा हा किमान धर्म आहे.

खिळ्यांच्या छपाईत हा धर्म पाळणे भाग पडे, कारण तिथे बदल महाग होता. कंपोझिटरने जुळवलेल्या मजकुराचे गॅली प्रूफ निघे. मुद्रितशोधक ते मूळ प्रतीशी ताडून पाही, समासात खुणा करी. लेखकाकडे प्रूफ जाई, त्याच्या खुणा वेगळ्या शाईत येत. मग चिमट्याने खिळे काढायचे, नवे बसवायचे, ओळ पुन्हा आवळायची. एक शब्द वाढला तर परिच्छेदाच्या शेवटापर्यंत ओळी सरकवाव्या लागत. लायनोटाइप यंत्रावर एक अक्षर बदलायचे असले तरी अख्खी ओळ नव्याने ओतावी लागे. जुनी चूक दुरुस्त होताना त्याच ओळीत नवी चूक शिरण्याची शक्यता असे, म्हणून जाणता मुद्रितशोधक दुरुस्त अक्षर पाहून थांबत नसे, पूर्ण ओळ पुन्हा वाची. जुने प्रूफ आणि नवे प्रूफ शेजारी ठेवून मिळवले जाई. कोणी काय बदलायला सांगितले, हे शाईच्या रंगावरून आणि हस्ताक्षरावरून कळे. नोंद ठेवण्यासाठी वेगळे काही करावे लागत नसे. काम करण्याची पद्धतच नोंद ठेवणारी होती.

१९८५ साली ऑल्डस कंपनीचे पेजमेकर आले आणि टेबलावरच्या संगणकावर पाने लावणे शक्य झाले. मराठी छपाईत ही लाट थोडी उशिरा, पण जोरात आली. अक्षरजुळणी, मांडणी, ट्रेसिंग काढणे अशी कामे एका छोट्या खोलीत होऊ लागली आणि डीटीपी ऑपरेटर नावाचा नवा कारागीर तयार झाला. कमी पैशांत, कमी वेळात पुस्तके निघू लागली; ज्यांना कधी छापून येता आले नसते अशा अनेकांचे लेखन छापून आले. या बदलाचे मोल मी कमी लेखत नाही. पण बदल करण्याचा खर्च शून्यावर आला आणि त्याबरोबर बदल दिसेनासाही झाला. पडद्यावर शब्द खोडला की मागे काही उरत नाही. बोट एका कळीवरून सरकले की ओळ गेली, आणि खालच्या ओळी वर येऊन तिची जागा भरून काढतात. प्रूफ पुन्हा छापले तर तेही पहिल्याइतकेच स्वच्छ दिसते.

मराठीत या अडचणीला आणखी एक पदर होता. युनिकोड रुळण्याआधीचे बहुतेक फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून केलेले होते. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता असे. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. वर्डमध्ये केलेले संपादन पेजमेकरमध्ये आणताना कन्व्हर्टरमधून जावे लागे, आणि त्यात जोडाक्षरे तुटत, रफार हलत. वर्डमध्ये बदलांच्या खुणा ठेवल्या असल्या तरी त्या या प्रवासात टिकत नसत. मग संपादकाने काय बदलले आणि कन्व्हर्टरने काय मोडले, हे वेगळे काढणे डोळ्यांवरच सोपवलेले असे. हे काम करून अनेक मुद्रितशोधकांचे डोळे थकले आहेत, आणि त्या श्रमांची नोंद कुठल्याच पुस्तकाच्या श्रेयनामावलीत नाही.

अ‍ॅडोबी कंपनीने १९९९ साली पाने लावण्याचे इनडिझाइन हे सॉफ्टवेअर आणले. त्याच्या जोडीला संपादकांसाठी इनकॉपी होते. बदलांची नोंद ठेवण्याची सोय आधी इनकॉपीत होती. ती खुद्द इनडिझाइनमध्ये २०१० च्या सीएस ५ आवृत्तीत आली. २०१२ च्या सीएस ६ मध्ये भारतीय लिपींसाठी लागणारा कंपोजर मूळ सॉफ्टवेअरमध्येच मिळू लागला आणि युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे पानावर नीट बसू लागली. म्हणजे मराठी मजकूर पानावर लावायचा आणि त्यातल्या बदलांची नोंदही ठेवायची, या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी हाताशी आल्या त्या तेव्हापासून. पण आपल्याकडच्या बऱ्याच कार्यालयांत नोंदीची ही सोय आजही बंदच असते. मी जिथे जिथे विचारले तिथे उत्तर साधारण एकच मिळाले: वेळ कुठे आहे?

सोय वापरायला सोपी आहे. ट्रॅक चेंजेस चालू केले की त्यानंतर घातलेला, काढलेला आणि हलवलेला मजकूर सॉफ्टवेअर लक्षात ठेवते. स्टोरी एडिटर नावाची साध्या मजकुराची खिडकी उघडली की तिथे नवा शब्द रंगीत पट्टीवर दिसतो, काढलेला शब्द आडव्या रेघेने खोडलेला दिसतो, आणि बदल कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता केला तेही कळते. प्रत्येक बदल स्वीकारायचा किंवा नाकारायचा. वर्डमधली फाइल पानावर आणताना तिच्यातल्या बदलांच्या खुणा सोबत आणायच्या का, हेही ठरवता येते.

खोच आहे ती पुढे. प्रत्यक्ष पानावर मजकूर असा दिसतो, जणू सगळे बदल स्वीकारून झाले आहेत. खोडलेले वाक्य तिथे नसते. म्हणून फक्त पान पाहणाऱ्याला नोंद चालू असूनही काही कळत नाही. मुद्दाम दुसरी खिडकी उघडून वाचावे लागते. सॉफ्टवेअरच्या लेखी एका धाग्याने जोडलेल्या चौकटींतला मजकूर म्हणजे एक स्टोरी. चित्राखालची ओळ, चौकटीतले टिपण, लेखकपरिचय या सगळ्या वेगळ्या स्टोऱ्या. मुख्य लेखात नोंद चालू आणि लेखकपरिचयात बंद, असे सहज होते. शिवाय संगणकात वापरणाऱ्याचे नाव घातलेले असेल तरच नोंदीला अर्थ. एकाच यंत्रावर तिघे जण पाळीपाळीने बसतात आणि सगळे बदल एकाच नावावर जमा होतात, अशी कार्यालये मी पाहिली आहेत. तिथे नोंद आहे, पण ती कोणाचीच नाही.

नोंद का हवी, हे मला एका दिवाळी अंकाच्या कामात सर्वांत स्पष्ट कळले. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या अंकापासून सांगितली जाते, आणि तेव्हापासून आजपर्यंत दिवाळीची तारीख कोणासाठी थांबलेली नाही. मी काम करत होतो त्या अंकात एका ज्येष्ठ लेखकाने वडिलांवर लिहिले होते. वडील गिरणगावातल्या एका गिरणीत होते, आणि लेखात १९८२ च्या संपाचे दिवस आले होते. वडील रोज सकाळी गिरणीच्या फाटकापर्यंत जात आणि परत येत, असे वर्णन होते. त्या परिच्छेदाच्या शेवटी एक छोटे वाक्य होते: ते कामगार नव्हते, कारकून होते. जाहिरातीचा आकार बदलला, लेख एका ओळीने वाहू लागला आणि ते वाक्य गेले. छापलेल्या लेखात वडील संपकरी कामगार झाले. लेखकाचा सगळा लेख त्या एका वाक्यावर तोलला होता: दोन्ही बाजूंना परका ठरलेल्या माणसाची घालमेल त्यात होती. अंक बाजारात गेल्यावर लेखकांचा फोन आला. ते रागावले नव्हते, त्यांना फक्त जाणून घ्यायचे होते की हे वाक्य कोणी आणि का काढले. कोणालाच सांगता आले नाही. कोणी लपवत नव्हते. खरोखरच कोणाच्या लक्षात नव्हते. फाइलमध्ये नोंद नव्हती आणि त्या आठवड्यात अशी कितीतरी वाक्ये आत-बाहेर झाली होती.

मी नंतर त्या पानाकडे पुष्कळ वेळ पाहिले. ते वाक्य का गेले, हे अनुभवी नजरेला दिसत होते. ओळ वाचवायची असली की मांडणी करणारा परिच्छेदाची शेवटची ओळ शोधतो. तिथे दोन-तीनच शब्द असतील तर थोडी काटछाट केली की पूर्ण ओळ मोकळी होते. तसेच झाले होते. वाक्य लहान होते, परिच्छेदाच्या टोकाला होते, म्हणून गेले. त्याचा आकार पाहून निर्णय झाला, अर्थाकडे कोणी पाहिलेच नव्हते. पानाच्या मांडणीतली संपादने वर्डमधल्या संपादनांपेक्षा वेगळी आणि अधिक जोखमीची असतात ती यामुळे. वर्डमध्ये संपादक वाक्य काढतो तेव्हा ते त्याला खटकलेले असते. पानावर वाक्य निघते तेव्हा ते कोणाला खटकलेले असतेच असे नाही. अनेकदा ते फक्त सोयीच्या जागी सापडलेले असते. आणि चांगले लेखक आपले सर्वांत वजनदार वाक्य बहुधा लहानच ठेवतात आणि परिच्छेदाच्या शेवटीच ठेवतात.

या घटनेनंतर मी प्रूफ तपासण्याची एक पद्धत धरली आणि ती आजही सोडलेली नाही. आपल्याकडे दुरुस्त प्रूफ तपासतात ते एकाच दिशेने: लेखकाने किंवा मुद्रितशोधकाने केलेल्या खुणा घ्यायच्या आणि प्रत्येक खूण नव्या प्रुफात उतरली आहे का ते पाहायचे. सांगितलेले झाले का, एवढेच यातून कळते. न सांगितलेले काय झाले, हे कळत नाही. नोंदीचा खरा उपयोग दुसऱ्या दिशेने आहे. फाइलमधला नोंदलेला एकेक बदल घ्यायचा आणि त्याच्यासाठी कोणाची तरी खूण आहे का, ते शोधायचे. ज्या बदलाला खूण सापडत नाही, तो थांबवायचा आणि विचारायचे. नोंद असती तर गिरणीच्या कारकुनाचे वाक्य या दुसऱ्या फेरीत नक्की सापडले असते.

मराठी मजकुरात या दुसऱ्या फेरीला विशेष महत्त्व आहे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली, आणि त्या अठरा नियमांवर आज आपले मुद्रितशोधन उभे आहे. नियम असल्यामुळे दुरुस्त करणाऱ्याचा हात निर्धास्त होतो आणि कधी कधी वेगाने चालतो. लेखकाने उभयान्वयी ‘की’ सगळीकडे ऱ्हस्व लिहिला आहे असे दिसल्यावर पूर्ण फाइलमध्ये ‘कि’च्या जागी ‘की’ करण्याची आज्ञा दिली, आणि अख्खा शब्द शोधण्याची अट घालायची राहिली, तर ‘किती’, ‘किनारा’, ‘किल्ला’ हे सगळे शब्द एका क्षणात बिघडतात. ते निदान डोळ्यांना खटकतील. पण ‘दिन’चा ‘दीन’ किंवा ‘सुत’चा ‘सूत’ झाला तर दोन्ही शब्द शुद्धच असतात, फक्त अर्थ दुसरा होतो. तिथे शुद्धलेखन तपासणारी यंत्रणाही काही बोलत नाही. नोंद चालू असताना अशी घाऊक दुरुस्ती केली तर प्रत्येक ठिकाण वेगळे दिसते आणि एकेक पाहून स्वीकारता येते. आणखी एक सवय मी लावून घेतली आहे. फक्त वेलांटी बदलायची असली तरी मी पूर्ण शब्द खोडून पुन्हा टंकतो. एकट्या वेलांटीचा बदल स्टोरी एडिटरमध्ये इतका बारीक दिसतो की तपासणाऱ्याची नजर त्यावरून सहज निसटते. खोडलेला पूर्ण शब्द आणि त्याच्याशेजारचा नवा शब्द मात्र कोणालाही वाचता येतात.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा झाडीबोलीतला संवाद प्रमाण मराठीच्या सवयीने वाचणाऱ्याला चुकलेला वाटू शकतो. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्या ओव्यांतले खानदेशी उच्चार कोणी सद्‌भावनेने सरळ केले असते, तर मराठी कवितेचे केवढे नुकसान झाले असते. बोली सरळ करणाऱ्याचा हेतू नेहमी चांगलाच असतो, म्हणूनच त्याच्या हाताला थांबवणारे काहीतरी लागते. नोंद त्याला थांबवत नाही, पण त्याने केलेले लेखकासमोर आणते. गावाकडच्या नव्या लेखकाला आपले शब्द बदललेले छापून आल्यावर बहुतेक वेळा बोलवत नाही. शहरातल्या संपादकाला अधिक कळत असेल, असे तो मानतो. छपाईच्या आधी त्याच्यासमोर बदलांची यादी ठेवली आणि यातले तुम्हाला कोणते नको आहेत असे विचारले, की तो बोलतो. हे मी अनेक वेळा पाहिले आहे, आणि तो बोलू लागला की आपल्यालाच भाषेबद्दल काही नवे कळते.

नोंदीच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. ट्रॅक चेंजेस मजकूर पाहते, रूप पाहत नाही. अक्षरांचा आकार, ठळकपणा, तिरपेपणा, परिच्छेदाची शैली, चौकटीची जागा, चित्राची अदलाबदल यांपैकी काहीही त्यात येत नाही. गद्यात हे चालून जाते. कवितेत ओळ किती आत सरकली आहे, दोन कडव्यांमध्ये किती मोकळी जागा आहे, हा कवितेचाच भाग असतो, आणि शैली बदलली की तो एका फटक्यात बदलू शकतो. अशा वेळी स्टोरी एडिटर सांगेल की काहीच बदललेले नाही. म्हणून कवितेची पाने, कोष्टके आणि चित्रे असलेली पाने यांसाठी जुनी रीतच खरी: आधीचे आणि नंतरचे पान छापून शेजारी ठेवायचे आणि डोळ्यांनी मिळवायचे. यंत्र जे पाहू शकत नाही तेवढेच काम माणसाकडे ठेवले, तर माणसाचे लक्ष तिथे पुरेसे पोहोचते.

त्याहून मोठी मर्यादा दुसरी आहे, आणि ती आपल्या परंपरेकडे पाहिले की उमगते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी हे काम स्वतःच्या नावावर, संवत्सरासह नोंदवले. मूळ ग्रंथ शुद्ध असूनही पाठांतरांमुळे अशुद्ध झाला होता, असे कारण दिले, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. कोणी, केव्हा आणि का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. नेमके काय बदलले, ते मात्र नाही. त्यामुळे एकनाथपूर्व पाठ कसा होता, याचा शोध नंतरच्या अभ्यासकांना घ्यावा लागला; इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली आणि त्यावर दीर्घ वाद झाले. सॉफ्टवेअरची नोंद याच्या बरोबर उलट आहे. कोणी, केव्हा आणि काय, हे ती मिनिटामिनिटाने सांगते. का, हे ती सांगू शकत नाही.

काय बदलले हे जपण्याचा सर्वोत्तम आदर्श पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू केले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. डॉ. वि. सी. सुकथनकर १९२५ पासून १९४३ साली निधन होईपर्यंत त्याचे प्रमुख संपादक होते. शेकडो हस्तलिखिते ताडून जो पाठ स्वीकारला तो वर छापला आणि न स्वीकारलेले पाठभेद त्याच पानाच्या तळाला दिले. ज्या शब्दांबद्दल संपादकांची पूर्ण खात्री नव्हती, त्यांच्याखाली नागमोडी रेघ काढली. बाहेर ठेवलेले श्लोक तारांकित करून तळटीपांत दिले, मोठे भाग परिशिष्टांत गेले. संपादकाने निर्णय घेतला, आणि त्याचबरोबर तो निर्णय तपासण्याची साधने वाचकाच्या हाती दिली. दिवाळी अंकाला हे सगळे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. पण नाकारलेला पाठ फेकून द्यायचा नाही, हे तत्त्व आपल्या टेबलावरही पाळता येते.

आणि ‘का’चे उत्तर द्यायची रीतही मराठी संपादनाने घालून दिलेली आहे. ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत. कथा कुठे सैल पडते, कोणता प्रसंग अधिक फुलायला हवा, हे त्या पत्रांतून लेखकाला कळे आणि निर्णय त्याच्याकडे राही. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाली, पण त्या पत्रव्यवहाराची आठवण लेखकांनी वर्षानुवर्षे काढली आहे. बदल सुचवणाऱ्याने कारण सांगितले की लेखक त्याच्याशी वाद घालू शकतो, त्याला पटवू शकतो किंवा स्वतः पटवून घेऊ शकतो. कारणाशिवाय आलेल्या बदलापुढे मान तुकवणे किंवा रागावणे, एवढेच दोन मार्ग उरतात.

म्हणून मी नोंदीच्या जोडीला कारणाचा एक शब्द ठेवू लागलो. इनडिझाइनमध्ये मजकुराला टिपण जोडता येते. ते पानावर छापले जात नाही. प्रत्येक महत्त्वाच्या बदलाला मी तीनपैकी एक शब्द जोडतो: चूक, सुचवणी किंवा जागा. चूक म्हणजे शुद्धलेखन, सनावळी, नाव असे ज्यात दुमत नाही ते. ते लेखकाला कळवायचे. सुचवणी म्हणजे मला अधिक बरे वाटलेले. ते लेखकाला विचारायचे आणि तो नको म्हणाला तर मागे घ्यायचे. जागा म्हणजे ओळ किंवा पान वाचवण्यासाठी केलेले. ते विचारताना पर्यायही द्यायचे, कारण एक ओळ वाचवायला लेखात दहा ठिकाणे असतात आणि त्यांतले कोणते कमी दुखेल हे लेखकालाच ठाऊक असते. सगळ्यांत जास्त वेदना या तिसऱ्या प्रकारातून होते आणि सगळ्यांत कमी विचारणाही त्यातच होते.

लेखकाकडे इनडिझाइन नसते, ही अडचण खरी आहे. बहुतेक लेखकांना फोनवर पीडीएफ जाते. कोणी ती छापून पेनाने खुणा करतात आणि पानांचे फोटो पाठवतात. त्यात काही गैर नाही. पीडीएफवर केलेल्या टिपा थेट इनडिझाइनमध्ये आणण्याची सोय सीसी २०१९ आवृत्तीत आली आहे, ती जमेल तिथे वापरावी. जिथे जमत नाही तिथे बदलांची साधी यादी करून पाठवावी: आधीचे वाक्य, नंतरचे वाक्य, कारण. तीन रकान्यांचा हा कागद कोणताही लेखक वाचू शकतो.

वेळ कुठे आहे, या प्रश्नाला मी आता असे उत्तर देतो. नोंद ठेवायला वेळ लागत नाही, ती वाचायला लागतो. पण पंधरा पानांच्या लेखात मांडणीच्या टप्प्यावर झालेले बदल वाचायला जो वेळ लागतो, तो पूर्ण लेख पुन्हा मूळ प्रतीशी ताडण्यापेक्षा फार कमी असतो. आणि या नोंदीचा सर्वांत मोठा आधार ज्याला मिळतो तो ऑपरेटर आहे. पानामागे मोजके पैसे घेऊन रात्री जागणारा तो माणूस, चूक निघाली की पहिला दोषी ठरतो. वाक्य काढायला त्याला कोणी सांगितले होते, की त्याने स्वतः काढले, हे सांगायला त्याच्याकडे पुरावा नसतो. फाइलमध्ये नोंद असेल तर जबाबदारी ज्याची त्याच्याकडे जाते, आणि पुढच्या वेळी ओळ वाचवण्याचा निर्णय त्याच्यावर ढकलण्याआधी संपादकही विचार करतो.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बदल स्वीकारला की त्याची खूण पुसली जाते. सगळे बदल एकदम स्वीकारण्याची आज्ञा दिली की पूर्ण इतिहास जातो. छपाईसाठी स्वच्छ फाइल हवीच. पण ती करण्याआधी खुणांसह असलेल्या फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवायला अर्धे मिनिट पुरते. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते तेव्हा लेखक हयात असेलच असे नाही, संपादक बदललेला असतो, ऑपरेटर दुसरीकडे गेलेला असतो. पहिल्या आवृत्तीतला एखादा शब्द लेखकाचा आहे, मुद्रितशोधकाचा आहे की जागेच्या तडजोडीचा, हे त्या वेळी फक्त ती फाइल सांगू शकते. प्रकाशकांनी करारपत्रे आणि हिशेब जसे जपले, तशी ही प्रतही जपावी. लेखकांनी आपल्या करारात ती मागावी. आणि मांडणी शिकवणाऱ्या वर्गांत रंग आणि फॉन्ट शिकवण्याआधी ट्रॅक चेंजेस चालू करायला शिकवावे. एवढे झाले, तर पुढच्या पिढीच्या अभ्यासकांना आपल्या काळातल्या पुस्तकांचा मूळ पाठ शोधत बसावे लागणार नाही, आणि आजच्या लेखकाने विचारलेल्या साध्या प्रश्नाला कार्यालयात कोणीतरी उत्तर देऊ शकेल.